उद्‌भासन-समतलन

उद्‌भासन-समतलन : (सचेतनपटातील). संगणकाने रचलेल्या सचेतनपटाच्या चौकटींत प्रकाशाच्या तीव्रतेचा फार मोठा पल्ला साठविलेला असतो. अशा चौकटी सामान्य पडद्यावर दाखविण्याजोग्या मर्यादित पल्ल्यात आणताना प्रत्येक चौकटीचे उद्‌भासन तिच्या मागच्यापुढच्या चौकटींशी जुळते राहील अशा बेताने ठरविण्याच्या क्रियेस उद्‌भासन-समतलन म्हणतात. छायाचित्रकार ज्याला सर्रास एक्स्पोजर म्हणतात ते उद्‌भासन म्हणजे फिल्मवर पडू दिलेल्या प्रकाशाचे एकूण प्रमाण. संगणकीय चित्रात फिल्मही नसते व झडपही नसते. तेथे सर्व पिक्सेलांच्या दीप्तिमूल्यांना ज्या एका संख्येने गुणले जाते ती संख्या हेच उद्‌भासन होय. ती दुप्पट केली की चित्र एका स्टॉपने उजळते, निम्मी केली की एका स्टॉपने काळवंडते.

एकाच स्थिर चित्रासाठी योग्य गुणक शोधणे फारसे अवघड नाही. तथापि तीच रीत सचेतनपटाच्या चौकटींना एकेक करून लावली, तर प्रत्येक चौकट सुटी पाहताना निर्दोष वाटते आणि त्या सलग चालविल्या की चित्र लुकलुकू लागते. हा दोष कोणत्याही एका चौकटीत सापडत नाही. तो दोन चौकटींच्या मधे असतो. त्यामुळे त्यावरील उपायही चौकटीच्या पातळीवर न शोधता काळाच्या ओघात शोधावा लागतो.

दीप्तीचा पल्ला : निसर्गातील दीप्तीचा पल्ला विलक्षण मोठा आहे. चांदण्या रात्री केवळ ताऱ्यांच्या उजेडात दिसणाऱ्या पृष्ठभागाची दीप्ती दर चौ. मी. ला सु. ०·००१ कँडेला असते, दिव्यांनी उजळलेल्या खोलीत ती सु. १०० असते, तर भर उन्हातील पांढऱ्या भिंतीची दीप्ती काही हजारांपासून काही दशसहस्रांपर्यंत जाते. सामान्य पडद्याचा सर्वांत उजळ भाग १०० ते ३०० कँडेलांच्या आसपास व सर्वांत काळा भाग त्याच्या सु. एक सहस्रांश असतो. शिवाय प्रत्येक रंगासाठी आठ द्विमान अंक वापरल्यास केवळ २५६ पायऱ्या उपलब्ध होतात.

प्रकाशाचे भौतिकीय नियम पाळून चित्र गणन करणाऱ्या प्रणालींना ही मर्यादा आरंभापासूनच जाचक होती. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी १९८० नंतरच्या दशकात ‘रेडियन्स’ ही प्रकाशयोजनेच्या अभ्यासासाठीची प्रणाली विकसित केली. तीत प्रत्येक पिक्सेलासाठी चार बाइट वापरले जातात. तीन बाइट तांबडा, हिरवा व निळा या घटकांचे आणि चौथा तिघांना समाईक अशा घातांकाचा. वॉर्ड यांनी या मांडणीचे वर्णन १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. तीमुळे ७६ दशमान घरांचा पल्ला साठविता येतो. चित्रपटाच्या दृक्‌परिणामांसाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने तयार करून २००३ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘ओपन ईएक्सआर’ ही मांडणी दर घटकास सोळा द्विमान अंक देते. अशा चित्रांना उच्च दीप्तिपल्ल्याची किंवा रूढ संक्षेपाने एचडीआर चित्रे म्हणतात. त्यांत खिडकीबाहेरचे ऊन आणि पलंगाखालचा अंधार ही दोन्ही एकाच वेळी खऱ्या प्रमाणात नोंदलेली असतात. पडद्यावर मात्र दोहोंपैकी काय दाखवावयाचे, हे कोणीतरी ठरवावे लागते.

रूपांतराचे साधारणतः तीन टप्पे पडतात. प्रथम उद्‌भासनाचा गुणक लावला जातो. मग एका वक्राच्या साहाय्याने अतिउजळ भाग हळूहळू दाबले जातात. शेवटी मिळालेली मूल्ये पडद्याच्या सांकेतिक पायऱ्यांत बसविली जातात. दुसऱ्या टप्प्यास छटासंकोचन म्हणतात. समतलनाचा मुख्य संबंध पहिल्या टप्प्याशी येतो व गुणक वक्राच्या आधी, म्हणजे मूल्ये अद्याप प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात असतानाच लावणे आवश्यक असते. पडद्यासाठी तयार झालेल्या चित्राचा उजेड मागाहून कमीजास्त करून लुकलुक झाकू पाहणे व्यर्थ होय. कारण वक्राने दाबून टाकलेला तपशील तेथे परत मिळत नाही.

लुकलुक कशी उद्‌भवते : चौकटीचे उद्‌भासन आपोआप ठरविण्यासाठी तिच्या दीप्तीचे एखादे प्रातिनिधिक मूल्य काढतात व ते पडद्यावरील मध्यम करड्या छटेवर आणून ठेवतात. हे मूल्य कोणते घ्यावे यावर पुष्कळ अवलंबून असते. सर्वांत उजळ पिक्सेल हे माप मानणे सर्वांत घातक ठरते. चकचकीत भांड्यावरील कवडसा एका चौकटीत दिसून पुढच्या चौकटीत नाहीसा झाला, तरी सबंध चित्र झोके खाऊ लागते. प्रकाशकिरणांचे गणन यदृच्छ नमुने घेऊन केले जात असेल, तर काही पिक्सेल निव्वळ गणनाच्या अपुरेपणामुळे भलतेच तेजस्वी निघतात आणि ते दर चौकटीत निराळ्या जागी असतात. त्यांच्यावर विसंबलेले उद्‌भासन फासे टाकून ठरविल्यासारखेच होय.

अंकगणितीय मध्य घेतल्याने दोष कमी होतो, परंतु जात नाही. समजा, एका खोलीची दीप्ती सर्वत्र ५० कँडेला प्रती चौ. मी. आहे आणि कॅमेरा वळताना चौकटीच्या एक टक्का भागात १०,००० कँडेला दीप्तीचा दिवा आला. अंकगणितीय मध्य एकदम ५० वरून जवळजवळ १५० वर जातो. उद्‌भासन एक तृतीयांश होते आणि खोलीच्या भिंती दीड स्टॉपाहून अधिक काळवंडतात. भिंतींवरचा उजेड वास्तविक तिळमात्र बदललेला नसतो. याउलट दीप्तींच्या लॉगरिथमांचा मध्य काढून त्यावरून मूल्य काढले, म्हणजेच भूमितीय मध्य घेतला, तर तो ५० वरून ५३ च्या आतच राहतो. जवळजवळ सर्व आधुनिक रीतींमध्ये भूमितीय मध्य पसंत केला जातो तो याच कारणाने. त्याचीही एक अडचण आहे. शून्य दीप्तीच्या पिक्सेलाचा लॉगरिथम काढता येत नाही आणि अतिकृष्ण पार्श्वभूमीचे पिक्सेल मध्याला खाली खेचतात. म्हणून प्रत्येक मूल्यात एक अत्यल्प संख्या मिळवितात, किंवा सर्वांत काळे व सर्वांत उजळ असे ठराविक टक्के पिक्सेल गणनेतून वगळतात. काळ्या पार्श्वभूमीवर फिरणारी एकच वस्तू दाखविणाऱ्या सचेतनपटात तर पार्श्वभूमी संपूर्णपणे वगळणेच इष्ट. अन्यथा वस्तू जवळ येऊन चौकट व्यापू लागली की ती आपोआप काळवंडते.

माप कितीही काळजीपूर्वक निवडले, तरी त्यात चौकटीगणिक थोडाफार चढउतार राहतोच. मानवी डोळा नेमका अशा चढउतारांविषयी फार चोखंदळ आहे. डच संशोधक एच. डे लांगे यांनी १९५० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, उजळ प्रकाशात डोळ्याची लुकलुक ओळखण्याची शक्ती सेकंदाला सु. १० ते २० आंदोलनांच्या सुमारास सर्वाधिक असते आणि तेथे प्रकाशातील सु. एक टक्क्याचा फरकही जाणवू शकतो. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. एकाआड एक चौकट किंचित उजळ व किंचित काळी झाली तर सेकंदाला बारा आंदोलने होतात, म्हणजे डोळा सर्वाधिक सजग असतो त्याच टप्प्यात ती पडतात. स्थिर चित्रात पाच टक्क्यांची चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. चलच्चित्रात तीच असह्य होते.

तीव्र लुकलुक केवळ त्रासदायक नसते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमधील दूरचित्रवाणीवर ‘पोकेमॉन’ या सचेतनपटमालिकेच्या एका भागात तांबडा व निळा प्रकाश सेकंदाला सु. बारा वेळा आलटूनपालटून चमकविण्यात आला होता. तो पाहून झटके, मळमळ इ. त्रास झालेल्या सु. ६८५ जणांना, त्यांत बहुसंख्य मुले होती, रुग्णालयात न्यावे लागले. उद्‌भासनातील गफलतीमुळे होणारी लुकलुक सहसा इतकी प्रखर नसते. तथापि ती त्याच वारंवारतेची असते, हे लक्षात ठेवणे जरूर आहे.

पूर्वेतिहास : फिल्मच्या जमान्यात हा प्रश्न जवळजवळ उद्‌भवतच नसे. छायालेखक दृश्यखंडाच्या, म्हणजे शॉटच्या, आरंभी छिद्र ठरवी व बहुधा तो संपेपर्यंत ते हलवीत नसे. प्रयोगशाळेत प्रत काढतानाही तांबड्या, हिरव्या व निळ्या दिव्यांचे १ ते ५० पायऱ्यांतील आकडे दृश्यखंडागणिक दिले जात, चौकटीगणिक नव्हे. एका पायरीने उद्‌भासन सहा टक्क्यांच्या आसपास बदले व बारा पायऱ्यांचा एक स्टॉप होई. उद्‌भासनाचे एकक दृश्यखंड आहे, ही गोष्ट या कारागिरांना कोणी शिकवावी लागली नाही. संगणकाच्या आगमनाने ती विसरली गेली. सचेतनपटाच्या चौकटी अनेक संगणकांवर वाटून दिल्या जातात. शेजारची चौकट दुसऱ्याच यंत्रावर तयार होत असते आणि प्रत्येक यंत्र आपल्या हाती आलेल्या चौकटीचे उद्‌भासन स्वतंत्रपणे ठरविते. लुकलुकीचे मूळ पुष्कळदा या श्रमविभागणीत असते.

संगणकीय छटासंकोचनाचा पद्धतशीर अभ्यास जॅक टंब्लिन व हॉली रशमायर यांच्या १९९३ मधील लेखापासून सुरू झाला असे मानण्यास हरकत नाही. दृश्याकडे प्रत्यक्ष पाहणाऱ्याला जेवढे उजळ वाटेल तेवढेच ते पडद्यावर वाटावे, अशी कसोटी त्यांनी मांडली. वॉर्ड यांनी १९९४ मध्ये त्याहून सोपा असा एकच गुणक सुचविला; प्रत्यक्षात जो भेद जेमतेम दिसतो तो पडद्यावरही जेमतेम दिसावा, हे त्यामागील सूत्र होते. १९९७ मध्ये वॉर्ड, रशमायर व क्रिस्टिन पियाट्को यांनी दीप्तींच्या वारंवारता-आलेखावर आधारलेली रीत दिली. २००२ मध्ये एरिक राइनहार्ड व त्यांचे सहकारी यांनी ॲन्सेल ॲडम्स यांच्या विभागपद्धतीचा आधार घेऊन भूमितीय मध्य १८ टक्के करड्या छटेवर आणणारी रीत मांडली. ती तिच्या साधेपणामुळे सर्वतोमुखी झाली. या सर्व रीतींचा विचार मुख्यत्वे स्थिर चित्रापुरता होता.

काळाचा विचार आणणाऱ्यांत सुमंत पटनाईक यांचे नाव अग्रगण्य आहे. मुंबईच्या जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत असताना त्यांनी एस. पी. मुदूर यांच्यासमवेत प्रकाशाच्या कणांचे यदृच्छ मार्ग गणून खोलीतील प्रकाशवाटप काढण्यावर काम केले होते. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टंब्लिन, हेक्टर यी व डॉनल्ड ग्रीनबर्ग यांच्यासह त्यांनी २००० मध्ये डोळ्याच्या कालावलंबी अनुकूलनाची प्रतिकृती प्रसिद्ध केली. बोगद्यात शिरताना काही क्षण काहीच न दिसणे आणि बाहेर येताना डोळे दिपणे हे अनुभव तीमुळे पडद्यावर दाखविता येऊ लागले. त्याच वर्षी फ्रेडो ड्युरांड व जूली डॉर्सी यांनी तत्क्षणी चालणारी रीत दिली. २००३ मध्ये सिंग बिंग कांग व सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष चित्रित केलेल्या एचडीआर चलच्चित्रासाठी एकाच चौकटीऐवजी अनेक चौकटींची एकत्रित माहिती वापरली. २००५ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने प्रसृत केलेल्या ‘हाफ-लाइफ २ : लॉस्ट कोस्ट’ या संगणकीय खेळात उद्‌भासन हळूहळू जुळवून घेणे सामान्य खेळाडूच्याही परिचयाचे झाले.

समतलनाची रीत : खेळातील व सचेतनपटातील परिस्थितीत एक मूलभूत भेद आहे. खेळात पुढची चौकट कोणती येणार हे ठाऊक नसते. त्यामुळे केवळ गतकाळावर विसंबावे लागते. सचेतनपटाच्या सर्व चौकटी रूपांतरापूर्वीच तयार असतात. म्हणून काम दोन फेऱ्यांत करणे शक्य असते व तेच शहाणपणाचे आहे. पहिल्या फेरीत एकही चित्र न बदलता प्रत्येक चौकटीचे प्रातिनिधिक मूल्य मोजून त्यांची यादी करतात. त्या यादीतील चढउतार मऊ करून घेतात आणि दुसऱ्या फेरीत समतल झालेले गुणक मूळ चौकटींना लावतात. यादी लहान असते व तिचा आलेख काढून डोळ्यांखालून घालता येतो. अनेक संगणकांवर काम वाटलेले असले, तरी यादी एकत्र करण्याचे काम एकाच ठिकाणी होणे अत्यावश्यक आहे. अन्यथा लुकलुक चौकटींच्या मधून निघून वाटणीच्या सीमांवर जाऊन बसते.

मऊ करण्याचे गणित लॉगरिथमांवर, म्हणजे स्टॉपांत, केले पाहिजे. १ व १/१६ या दोन उद्‌भासनांचा साधा मध्य अर्ध्याहून किंचित अधिक येतो, म्हणजे तो उजळ टोकापासून केवळ एका स्टॉपावर व काळ्या टोकापासून तीन स्टॉपांवर पडतो. लॉगरिथमांचा मध्य घेतल्यास १/४ हे खरेखुरे मधले मूल्य मिळते. डोळ्याला उजेडातील फरक गुणोत्तरांत जाणवतो, हे याचे कारण होय.

सर्वांत सोपी गाळणी पुढीलप्रमाणे असते :

नवे मूल्य = मागील मूल्य + क × (मोजलेले मूल्य − मागील मूल्य)

येथे क हा ० व १ यांमधील अंक असून सर्व मूल्ये स्टॉपांत घ्यावयाची असतात. अनुकूलनाचा काल अर्धा सेकंद ठरविला आणि सेकंदाला २४ चौकटी असल्या, तर क चे मूल्य ०·०८ येते. उजेड एकदम तीन स्टॉपांनी बदलल्यास अर्ध्या सेकंदात त्यातील ६३ टक्के, म्हणजे सु. १·९ स्टॉपांचे अंतर कापले जाते व दीड सेकंदात ९५ टक्के. एकाआड एक चौकटीतील आंदोलन मात्र या गाळणीतून केवळ एक-चोविसांश शिल्लक राहते. १० टक्क्यांची लुकलुक अर्ध्या टक्क्याच्याही आत येते, म्हणजे ती दिसेनाशी होते. संथ बदल जाऊ द्यावयाचे व जलद बदल अडवावयाचे, एवढेच या गाळणीचे काम.

या गाळणीतून निघालेले मूल्य नेहमी मागे रेंगाळते. कॅमेरा उन्हातल्या अंगणातून आतल्या खोलीत शिरला की खोली प्रथम काळीकुट्ट दिसते व मग हळूहळू उमलते. खेळात हे नैसर्गिक वाटते. डोळ्याचे अनुकूलनही असेच मागाहून होते. वास्तुशिल्पाच्या सचेतनपटात दाराशी घालविलेला सेकंद-दीड सेकंद वाया जातो. तेथे दोन्ही बाजूंनी पाहणारी गाळणी अधिक उपयुक्त ठरते. प्रत्येक चौकटीच्या मागील व पुढील काही चौकटींचा घंटेच्या आकाराच्या वक्राने भारित मध्य घेतला, तर उद्‌भासन उंबरठ्याच्या थोडे आधी बदलू लागते आणि पलीकडे गेल्यावर थोड्याच वेळात स्थिरावते. कसबी छायालेखक चालत्या दृश्यखंडात छिद्र हाताने फिरवितो तेव्हा तोही हेच करतो. त्याला पुढची पावले ठाऊक असतात.

दोन्ही बाजूंनी पाहण्याचा धोका दृश्यबदलाच्या जागी प्रकट होतो. रात्रीच्या दृश्यखंडाला भर दुपारचा जोडलेला असेल, तर गाळणी पलीकडचा उजेड अलीकडे ओढून आणते आणि रात्रीच्या शेवटच्या चौकटी विनाकारण काळवंडतात. यास्तव यादी दृश्यबदलाच्या ठिकाणी तोडून प्रत्येक खंडावर गाळणी स्वतंत्रपणे चालवावी लागते. प्रत्यक्ष चित्रणात असे सांधे चौकटींच्या वारंवारता-आलेखांतील आकस्मिक फरकावरून हुडकावे लागतात. सचेतनपटात ते निर्मात्याला आधीच ठाऊक असतात. यंत्राकडून त्यांचा अंदाज करून घेण्याचे काहीच प्रयोजन नसते. एकाच चक्रात पुनःपुन्हा दाखवावयाच्या सचेतनपटात याच्या उलट करावे लागते. तेथे शेवटची चौकट पहिलीची शेजारीण मानून गाळणी वर्तुळाकार चालवितात.

काही प्रसंगी चढउतार हाच आशय असतो. वीज चमकली की चित्र क्षणभर उजळलेच पाहिजे. आपोआप ठरणारे उद्‌भासन त्याच क्षणी खाली येऊन ती वीज पुसून टाकते आणि साधी गाळणी तो परिणाम पुढच्या-मागच्या चौकटींवर पसरविते. म्हणून मऊ करण्यापूर्वी लगतच्या पाच-सात मूल्यांचा मध्यक घेण्याची प्रथा आहे. मध्यक एकट्यादुकट्या उसळीची दखल घेत नाही; साहजिकच उद्‌भासन जागच्या जागी राहते आणि वीज खऱ्या तेजाने दिसते. दृश्य हळूहळू काळोखात विरविण्याच्या प्रसंगी तर स्वयंचलित रीत हास्यास्पद ठरते. दिग्दर्शक चित्र विझवीत असतो आणि यंत्र ते उजळत असते. अखेरीस गणनातील कणीदार गोंधळ तेवढा पडद्यावर उरतो. अशा ठिकाणी शेवटचे स्थिर मूल्य कायम धरून ठेवणे हाच मार्ग. विरवण मूळ चौकटींत न करता रूपांतरानंतर केली, तर प्रश्नच उद्‌भवत नाही.

स्थलसापेक्ष संकोचन : काही रीतींमध्ये सर्व चौकटीला एकच गुणक न लावता चित्राच्या प्रत्येक भागाला त्याच्या परिसरानुसार निराळा गुणक देतात. स्थिर चित्रात त्यांचे फलित डोळ्यात भरणारे असते. चलच्चित्रात मात्र प्रत्येक पिक्सेलाचा गुणक स्वतंत्रपणे डळमळू शकतो. तो काळाच्या दिशेने मऊ करावा, तर हलणाऱ्या वस्तूच्या मागे तिची पुसट सावली राहते. कारण पिक्सेल जागेवर असतो आणि वस्तू पुढे गेलेली असते. गतीचा माग काढून वस्तूबरोबर गाळणी सरकविण्याचे प्रयत्न झाले आहेत. सचेतनपटात वस्तूंची गती गणनातूनच मिळत असल्याने ते तुलनेने सुकर असते. गॅब्रिएल आयलर्टसेन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये चलच्चित्रासाठीच्या अकरा रीतींची तुलना केली. तीत लुकलुक, पुसट सावल्या व वाढलेली कणीदारता हे दोष अनेक गुंतागुंतीच्या रीतींत आढळून आले. साध्या सर्वव्यापी गुणकाकडे अनुभवी लोक पुन्हापुन्हा वळतात ते आळसामुळे नव्हे.

प्रकाशयोजनेच्या अभ्यासात : समतल केलेला सचेतनपट डोळ्यांना सुखावतो, पण तो खरे सांगतो का, हा प्रश्न वेगळा आहे. एखाद्या शाळेच्या नियोजित इमारतीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्गात उजेड कसा येतो, हे पाहण्यासाठी सचेतनपट तयार केला आहे असे समजा. उद्‌भासन प्रत्येक क्षणी जुळवून घेतले, तर सकाळ, दुपार व संध्याकाळ जवळजवळ सारख्याच उजळ दिसतील. खिडकी लहान पडते हे पाहण्यासाठीच केलेल्या चित्रातून ती गोष्ट नाहीशी होईल आणि वास्तुशिल्पज्ञ समाधानाने नकाशा मंजूर करील. लुकलुक दिसून तरी येते. ही फसवणूक दिसतही नाही. म्हणून जेथे दोन क्षणांची वा दोन खोल्यांची तुलना अभिप्रेत असते, तेथे सर्व चौकटींना एकच उद्‌भासन देणे आवश्यक असते, मग काही भाग पूर्ण पांढरे वा पूर्ण काळे झाले तरी चालतील. दीप्तीचे आकडे रंगांच्या पट्ट्यांनी दाखविणारे चित्र सोबत देणे त्याहूनही चांगले.

दोहोंच्या मधला मार्गही उपलब्ध आहे. उद्‌भासनाला उजेडातील बदलाची संपूर्ण भरपाई न करू देता काही अंशीच करू द्यावयाची. अंगणाची दीप्ती ४,००० व खोलीची ५० कँडेला प्रती चौ. मी. असेल, तर त्यांचे गुणोत्तर ८० येते, म्हणजे सहा स्टॉपांहून थोडे अधिक. स्टॉपांत मोजलेल्या या बदलाच्या ६० टक्के भरपाई केल्यास खोली अंगणाच्या मानाने गुणक लावल्यावर सु. सहापट काळी उरते. तीतील तपशील दिसतो आणि ती अंधारी आहे हेही दिसते. किती भरपाई करावी याचा एकच नियम सांगता येत नाही. प्रेक्षकाला काय कळावयास हवे, यावर ते अवलंबून असते.

कोणताही मार्ग पत्करला, तरी मूळ एचडीआर चौकटी जपून ठेवणे अगत्याचे आहे. रेडियन्सच्या चित्रात आतापर्यंत लावलेल्या उद्‌भासनाचा आकडा चित्राच्या शीर्षनोंदीत लिहिला जातो व त्याने भागले असता खरी दीप्तिमूल्ये परत मिळतात. ही तरतूद दिसते क्षुल्लक. पण तिच्यावाचून चित्र हे मोजमाप राहत नाही, केवळ देखावा उरतो.

सूक्ष्म दोष व नवे पडदे : उद्‌भासन अतिशय संथपणे बदलत असता एक वेगळाच दोष कधीकधी दिसून येतो. आकाशासारख्या सपाट भागात २५६ पायऱ्यांच्या सीमा पट्ट्यांसारख्या उमटतात व उद्‌भासनाबरोबर त्या सरपटू लागतात. पायऱ्यांत बसविण्यापूर्वी प्रत्येक मूल्यात पायरीहून लहान असा यदृच्छ अंश मिसळला की पट्टे विस्कटतात. पुढे चित्रफितीचे संक्षेपण फार कडक केल्यास हा बारीक अंश पुसला जाऊन पट्टे परत येतात, हेही अनुभवास येते.

२०१० नंतरच्या दशकात स्वतः मोठा पल्ला दाखवू शकणारे पडदे घरोघर पोहोचू लागले. २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एका संकेतपद्धतीत १०,००० कँडेला प्रती चौ. मी. पर्यंतची दीप्ती नोंदता येते. ब्रिटनमधील बीबीसी व जपानमधील एनएचके या प्रक्षेपण संस्थांनी मिळून दुसरी पद्धत तयार केली. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दोहोंना एकाच शिफारशीत स्थान दिले. यामुळे छटासंकोचनाची गरज संपली नाही. ते काम निर्मात्याच्या कार्यशाळेतून बव्हंशी प्रेक्षकाच्या दूरचित्रवाणी-संचात गेले. बहुतेक संच १०,००० कँडेलांच्या जवळपासही पोहोचत नसल्याने त्यांना आलेले चित्र स्वतःच्या मर्यादेत बसवावे लागते. संच जर हे प्रत्येक चौकट मोजून करू लागला, तर जुनी लुकलुक पुन्हा हजर होते. याकरिता चित्रासोबत काही आकडे पाठविले जातात. प्रारंभीच्या पद्धतीत सबंध चित्रपटासाठी मिळून सर्वोच्च दीप्ती व चौकटींच्या सरासरी दीप्तीतील सर्वोच्च मूल्य असे दोन ठराविक आकडे असत. एखाददुसऱ्या प्रखर प्रसंगामुळे उरलेला चित्रपट अंधुक दिसणे ही तिची उणीव होती. नंतरच्या पद्धतींत हे आकडे दृश्यागणिक बदलू शकतात व ते निर्माताच ठरवून देतो.